डबा परत येतो तेव्हा

जानेवारी २०२३ मधला एक मंगळवार. संध्याकाळचे सहा वाजलेले. भाजी तयार, आमटी तयार, पोळ्यांची चळत फडक्यात गुंडाळून ठेवलेली, आणि डबे संपले. दीडशे डबे भरायचे होते, मांडणीवर निघाले एकशे अकरा. उरलेल्या एकोणचाळीस जणांचं जेवण फॉइलच्या डब्यांतून गेलं. तीन आठवड्यांपूर्वीच मी ते डबे कायमचे बंद केल्याचं सगळ्यांना सांगितलं होतं.

माझं पोळी-भाजी केंद्र पुण्यात, सदाशिव पेठेला लागून आहे. गिऱ्हाइकं बहुतेक स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलंमुली, थोडे एकटे राहणारे आजी-आजोबा. रोज रात्रीचे दीडशे डबे, रविवारी सुट्टी. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा आम्ही फॉइलच्या डब्यांकडे वळलो. दोन डबे आणि कागदी पिशवी धरून एका जेवणामागे अकरा रुपये जायचे, म्हणजे महिन्याला ४२,९०० रुपये. हा खर्च सलत होताच, पण त्याहून जास्त सललं ते आमच्या गल्लीत कचरा गोळा करणाऱ्या ताईंचं बोलणं. आमटी लागलेला, चेपलेला डबा भंगारात कोणी घेत नाही, असं त्यांनी सांगितलं. तो हाताने वेगळा करा, वर त्याचे पैसेही नाहीत. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. त्या बायकांच्या हातांतून आपण फेकलेली प्रत्येक वस्तू जाते. माझे रोजचे तीनशे डबेही त्यांच्याच हातांतून जात होते.

म्हणून स्टीलचे डबे घ्यायचे ठरवलं. हिशेब सोपा वाटला. एक डबा गिऱ्हाइकाकडे, एक आमच्याकडे, म्हणजे तीनशे, वर पन्नास जादा. रविवार पेठेतून तीन पुडांचे साडेतीनशे डबे आणले, ३२० रुपयांना एक. एक लाख बारा हजार रुपये गेले. प्रत्येकाकडून शंभर रुपये अनामत घेतली.

आणि तिसऱ्या आठवड्यात हा मंगळवार उजाडला. मी जे केलं ते कोणीही केलं असतं: आणखी शंभर डबे आणले. पाच-सहा आठवडे बरे गेले. मार्च संपताना पुन्हा तेच. आता ४५० डबे होते आणि तरी ओटा रिकामा. मुलं डबे दाबून ठेवतात असं माझं पक्कं मत झालं, म्हणून जूनमध्ये नवी मुलं आली तेव्हा अनामत तीनशे केली. जुन्यांकडूनही वरचे दोनशे मागितले.

त्याने काय झालं ते मला नवी पेठेतल्या एका खोलीत दिसलं. डबे गोळा करायला मी स्वतः गेले होते. दोन मुलं राहत होती. खिडकीत आमचा डबा उघडून ठेवलेला. वरच्या पुडात चहाची पावडर, मधल्यात साखर, खालच्यात मीठ. मी बघते आहे म्हटल्यावर त्यातला एक अगदी सरळपणे म्हणाला, “काकू, तीनशे भरलेत ना आम्ही?” त्याचं काही चुकलं नव्हतं. शंभर रुपयांत डबा उसना होता. तीनशेत तो विकत घेतल्यासारखा झाला होता.

दिवाळीत दुसरा फटका बसला. बासष्ट मुलं महिना बंद करून गावी गेली आणि एकाच आठवड्यात अनामत परत मागितली. १८,६०० रुपये. ती रक्कम मी डब्यांच्या खरेदीत घालून बसले होते. लोकांचे पैसे आपल्या गल्ल्यात आहेत म्हणून ते आपले होत नाहीत, हे मला माहीत होतं, पण मी तसं वागले नव्हते. घरातले काढून दिले.

दिवाळीनंतर भाची आली. ती व्यवस्थापन शिकते, ‘सिस्टिम्स थिंकिंग’ हा शब्द तिच्याकडूनच मी पहिल्यांदा ऐकला: एकेक भाग सुटा न बघता ते एकमेकांवर कसा परिणाम करतात ते बघायचं. तिने आधी काहीच सांगितलं नाही. किराणावाल्याने दिलेलं मोठं कॅलेंडर उलटं करून कोऱ्या पाठीवर तिने चार गोल काढले: मांडणी, रस्ता, खोली, मोरी. “मावशी, डबा कुठे कुठे आणि किती वेळ थांबतो ते सांग.” मला एकाही गोलाचं धड उत्तर देता आलं नाही. डबे किती घेतले हे तोंडपाठ होतं, एक डबा फिरून यायला किती दिवस लागतात हे मी कधी मोजलंच नव्हतं.

मग फरशीवर खडूने तेच गोल काढून आम्ही वाटाणे मांडले. एक वाटाणा म्हणजे दहा डबे, एकूण पंचेचाळीस. भांडीवाल्या मावशी, डबे पोचवणारी दोन मुलं, सगळे भोवती बसलो. दर ‘दिवशी’ पंधरा वाटाणे खोलीत जायचे, बहुतेक दुसऱ्या दिवशी परत यायचे, काही रेंगाळायचे. पाच-सहा दिवसांतच खोलीच्या गोलात ढीग झाला आणि मांडणी ओस पडली. माझा हात आपोआप वाटाण्यांच्या पिशवीकडे गेला. भाचीने तो धरला. “थांब. जानेवारीत हेच केलं होतंस. तेव्हा काय झालं ते आधी ह्यांना विचार.”

डबे पोचवणारा मोठा मुलगा जरा वेळ गप्प बसला, मग बोलला. “काकू, तुम्ही शंभर डबे आणले ना, तेव्हा मांडणी भरलेली दिसायला लागली. आधी डबे कमी पडायचे म्हणून आम्ही तिसऱ्या मजल्यावर दोनदा दार वाजवायचो. नंतर वाटलं, आज नाही दिला तर उद्या देतील.”

ह्या एका वाक्यात माझं वर्षभराचं कोडं सुटलं. डब्यांची टंचाई हीच डबे परत आणणारी ओढ होती. मी नवे डबे आणून ती ओढच सैल केली. डबे वाढले तसे ते बाहेर थांबायचे दिवस वाढले, आणि म्हणून टंचाई पुन्हा आली. भाचीने कॅलेंडरवर बाण काढले तेव्हा ते वर्तुळ पूर्ण झालं.

हिशेबही तिथेच मांडला. लागणारे डबे म्हणजे रोज जाणारे डबे गुणिले एका फेरीचे दिवस. दीडशे गुणिले दोन, तीनशे. फेरी अडीच दिवसांवर गेली की ३७५ लागतात, म्हणून साडेतीनशे पुरले नाहीत. तीन दिवसांवर गेली की बरोबर ४५० बाहेर. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात ‘जे फॉरेस्टर’ नावाच्या प्राध्यापकांनी १९५० च्या दशकात कारखान्यांचे साठे आणि ओघ असेच मांडून अभ्यासले, असं ती म्हणाली. मागणी आणि पुरवठा यांच्यामध्ये विलंब असला की शहाणी माणसंही गरजेपेक्षा जास्त माल मागवतात, हे दाखवणारा एक खेळही तिथे तयार झाला. मला ते परकं वाटलं नाही. वाटाण्यांच्या पिशवीकडे माझाच हात गेला होता.

पुढचं काम मोजण्याचं. जेवढे डबे उरले होते ते रविवार पेठेत परत नेले आणि भांड्यांवर नाव घालतात तसे मशिनने प्रत्येक पुडावर, झाकणावर नंबर घालून घेतले. ४१७ डबे होते, तेहतीस वर्षभरात गेले. तीन आठवडे वहीत लिहिलं: कोणता नंबर कुठे गेला, कधी आला. एका गुरुवारी सकाळी मोजदाद केली. आमच्याकडे १४८, बाहेर २६९. त्या २६९ पैकी १३१ डबे फक्त एकोणतीस जणांकडे होते. बाकीचे एकशे एकवीस लोक जवळजवळ रोजच्या रोज परत देत होते. अनामत मात्र मी सगळ्यांची तिप्पट केली होती.

आणि ते एकोणतीस जण कोण? त्यातले बावीस अभ्यासिकेत बसणारे होते. आमचा मुलगा साडेसातला जातो, तेव्हा ती मुलं अभ्यासिकेत असतात, दहा-अकराला खोलीवर येतात. भरलेला डबा दाराच्या कडीला अडकवून यायचा, रिकामा कुलपाच्या आत. डबा परत द्यायची त्यांची तयारी होती, पण परत द्यायला वाटच नव्हती. इतके महिने मी त्यांच्यावर चिडत होते. ह्याची मला आजही रुखरुख आहे.

त्या बावीस दारांसाठी जुन्या चादरींच्या पिशव्या शिवल्या. सकाळी बाहेर पडताना रिकामा डबा विसळून पिशवीत घालून दाराबाहेर खिळ्याला अडकवायचा, एवढंच. पहिल्या आठवड्यातच पन्नासच्या वर डबे परत आले.

खरा बदल मात्र त्यानंतरचा. भाचीने एक प्रश्न विचारून ठेवला होता: डबा अडला तर त्याचा त्रास कोणाला होतो? आमच्या पद्धतीत सगळे डबे सगळ्यांचे होते, त्यामुळे एकाने चार डबे ठेवले तरी त्याला जेवण मिळतच राहायचं. अडायचं दुसऱ्याचं, आणि कोणामुळे अडलं हे त्या दुसऱ्याला कळायचंही नाही. मला मुंबईचे डबेवाले आठवले. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ती व्यवस्था. तिथे डबा ज्याचा त्याचा असतो, सकाळी भरलेला जातो आणि त्याच दिवशी रिकामा घरी येतो. फेरी एका दिवसाची. जादा डब्यांचं गोदाम कोणालाच लागत नाही.

जानेवारी २०२४ पासून आम्ही प्रत्येकाला त्याच्या नंबरची जोडी दिली. ४७ अ आणि ४७ ब. एक त्याच्याकडे, एक आमच्याकडे. अनामत जोडीला दीडशे. ती आता पतसंस्थेत वेगळ्या खात्यात असते, मी तिला हात लावत नाही. दोन्ही डबे खोलीवर राहिले तर जेवण ‘पाहुण्या’ डब्यातून जातं. असे तीस डबे आहेत, झाकणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. मुलगा दारात उभा राहतो, जेवण तुमच्या ताटात काढून घ्यायचं, डबा लगेच परत. खोलीवर कोणी नसेल तर आदल्या रात्री फोन करून ताट बाहेर ठेवायला सांगतो. उपाशी कोणाला ठेवायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. रिकामा नाही तर भरलेलाही नाही, असं एका आठवड्यापुरतं करून पाहिलं होतं, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी एक मुलगी वडापाववर राहिली. तो नियम त्याच रात्री बंद केला.

जोडीमुळे काम वाढलंही. नंबर बघून लाईनप्रमाणे डबे लावायला रोज वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातात. मांडणीला नंबरांचे कप्पे करून घ्यावे लागले.

मोरीबद्दल लिहायलाच हवं, कारण फेरी म्हटलं की सगळे गिऱ्हाइकाबद्दल बोलतात आणि धुणाऱ्या बायकांना विसरतात. दीडशे डबे म्हणजे साडेचारशे पुडं आणि दीडशे झाकणं, सहाशे नग. आमटी चोवीस तास वाळली की पुडाच्या कडेला पिवळी पापडी धरते, ती नुसत्या काथ्याने निघत नाही, गरम पाण्यात भिजवावी लागते. भांडीवाल्या मावशींनी मला एकदा दोन पुडं शेजारी धरून दाखवली, एक विसळून आलेलं, एक तसंच आलेलं. पहिल्याला तीन हात, दुसऱ्याला मी मोजले, अकरा. त्यानंतर ‘विसळून ठेवा’ ही चिठ्ठी मी विनंती म्हणून नाही, कारण सांगून लिहिली: विसळलेला डबा मावशींचे खांदे वाचवतो. फरक पडला. पावसाळ्यात पुडं वाळत नाहीत, ओली बंद केली की वास मारतात. ह्यावर अजून चांगलं उत्तर सापडलेलं नाही. सध्या रात्रभर पंख्याखाली उपडी घालतो.

पैशांचं सांगते, कारण असं काही करू पाहणाऱ्याला ते आधी हवं असतं. धुणं, साबण, गरम पाणी, सगळं धरून एका फेरीला पाच रुपये पडतात. फॉइलचे अकरा वाचतात. म्हणजे फेरीमागे सहा रुपये, आणि ३२० रुपयांचा डबा चोपन्न फेऱ्यांत फिटतो. फेरी दोन दिवसांची असेल तर कामाचे १०८ दिवस, चार महिन्यांच्या थोडं वर. तीन दिवसांची असेल तर १६२ दिवस, सहा महिन्यांच्याही पुढे. डबा तोच, किंमत तीच. पाणी आणि गॅस यांचंही तसंच. स्टील नुसतं घेतल्याने काही वाचत नाही. पाच फेऱ्यांत हरवलेला स्टीलचा डबा फॉइलपेक्षा वाईट.

सध्या आमची फेरी दोन दिवसांच्या किंचित वर आहे. दीडशे जोड्या आणि तीस पाहुणे मिळून ३३० डबे पुरतात. ८७ डबे फळीवर शिल्लक आहेत. जवळच्याच एका पोळी-भाजी केंद्राच्या ताईंना ते हवे आहेत. त्यांची चाळीस गिऱ्हाइकं, फॉइल सोडायचंय, पण एकदम पैसे घालायची सोय नाही. डबे त्यांना फेरीमागे थोड्या भाड्याने द्यावेत असं मनात आहे. मग त्यांच्याकडचा डबा हरवला तर तोटा कोणाचा, आणि तो परत आणायची ओढ कोणाला राहील? येत्या रविवारी त्यांच्या ओट्यावर कॅलेंडर उलटं टाकून बसायचं ठरलंय. वाटाणे मी नेणार आहे.