आडनावासकट

सातवीत असताना शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मी पहिली बातमी लिहिली. आमच्या जनता वसाहतीत चार दिवस नळाला पाणी नव्हतं, त्याची. खाली नुसतं पहिलं नाव घातलं होतं. मराठीच्या सरांनी कागद दोनदा वाचला. "आडनाव कुठंय?" मी गप्प. ते मी का गाळलं, हे त्यांनी ओळखलं होतं. "बातमी खरी आहे ना? मग पूर्ण नाव लिही." शिवाय 'लोक म्हणतात' हे शब्द खोडून, कोण म्हणतं ते विचारून यायला मला परत नळापाशी पाठवलं.

त्याच वर्षी ते आम्हाला पर्वतीवर घेऊन गेले. पर्वती आमच्या दारातलीच, पण तिची ही गोष्ट मला घरी कुणी सांगितली नव्हती. १३ ऑक्टोबर १९२९ला तिथल्या मंदिरप्रवेशासाठी दलितांनी सत्याग्रह सुरू केला. दगडफेक झाली, पां. ना. राजभोज जखमी झाले. त्या सत्याग्रहाच्या पुढाऱ्यांत शिवराम जानबा कांबळे होते, पन्नाशी उलटलेले.

कांबळ्यांनी जुलै १९०८मध्ये पुण्यातून 'सोमवंशीय मित्र' हे मासिक सुरू केलं. बाबासाहेबांचं 'मूकनायक' निघायला तेव्हा अजून साडेअकरा वर्षं होती. महारांची बंद झालेली लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरकारकडे अर्ज करणारेही हेच. पण सर सगळ्यात जास्त बोलले ते शिवूबाईंबद्दल. मुली देवाला सोडण्याच्या चालीविरुद्ध कांबळे लिहीत होते, आणि स्वतः मुरळी असलेल्या या बाईंचं पत्र त्यांनी मासिकात छापलं. जिच्याबद्दल बाकीचे कुजबुजत, ती स्वतःच्या नावानं बोलली. पत्रकारितेत मला याहून मोठं काही अजून दिसलेलं नाही.

पुढे एका वर्तमानपत्रात लागलो तेव्हा एका वरिष्ठांनी सुचवलं, वस्त्यांच्या बातम्या तुम्हीच करा, तुम्हाला ओळखी आहेत. वाईट वाटलं. पण बातम्या केल्या. गटारात उतरणाऱ्या कामगारांच्या, अडवलेल्या शिष्यवृत्तीच्या. प्रत्येक वेळी, माणसाची हरकत नसेल तर, नाव पूर्ण छापलं. माझंही.

भित्तिपत्रकाचा तो फळा आता जिन्यापाशी नाही. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं शाळेनं तो पुन्हा लावावा, ही विनंती. पहिल्या अंकासाठी शिवूबाईंवरचा मजकूर मी देतो.