ईन की ईम: अक्कांच्या ओट्यावरचा डाटिव

मागच्या वेळी ऐटीत लिहिलं होतं की जर्मनमधला डाटिव (साधारण आपली चतुर्थी) संपला, आता विशेषणांच्या शेपट्या, म्हणजे त्यांना लागणारे प्रत्यय. ते मागे घेते. रविवारी ए-टू या पातळीचा सराव पेपर सोडवला आणि सर्वनामांच्या २० गाळलेल्या जागांपैकी १४ चुकल्या. ‘इश फ्रागे ईम’ (मी त्याला विचारते), ‘इश हेल्फे ईन’ (मी त्याला मदत करते). दोन्ही उलटं: पहिल्यात ईन हवं, दुसऱ्यात ईम. नामाआधी येणाऱ्या डेर-डी-डासच्या जागा मात्र बहुतेक बरोबर, म्हणून जास्तच चिडचिड.

चुकांना गोल करताना लक्षात आलं, टेबल, पिशवी, सायकल यांत मी फसत नाही. वाक्यात माणूस आला की घोळ. कारण आपला ‘ला’. ‘मी टेबल घेतलं’ यात कर्माला प्रत्ययच नाही. पण ‘मी त्याला पाहिलं’ आणि ‘मी त्याला चहा दिला’, दोन्हीकडे ‘त्याला’च. शाळेत द्वितीया नि चतुर्थी दोन्हींना स-ला-ते घोकलं, त्यामुळे डोक्यात खण एकच. जर्मनमध्ये त्याचे दोन होतात: पाहिलं तर ईन (अक्कुसाटिव, म्हणजे द्वितीया), दिला तर ईम (डाटिव). माझं पुस्तक हे इंग्रजीतून समजावतं, आणि इंग्रजीतही दोन्हीकडे ‘हिम’! ज्याला स्वतःलाच फरक माहीत नाही त्याला वाट विचारायची. फोनवरचं अ‍ॅप तर लाल फुली दाखवून पुढचं वाक्य ढकलतं, कारण सांगत नाही. त्यापेक्षा आंकी हे घोकायच्या कार्डांचं अ‍ॅप बरं, कार्डं आपली आणि चुकाही आपल्या.

वैतागून शेजारच्या अक्कांच्या ओट्यावर जाऊन बसले. मांडीवर सूप, बाजूला ओल्या फडक्यात विड्यांसाठी तेंदूची पानं. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवायचा, कात्री फिरवायची, पुढचं पान. त्यांच्या घरात तेलुगू. सहज विचारलं, “अक्का, ‘त्याला बघितलं’ तुमच्यात कसं म्हणता?”

“वान्नि.”

“आणि ‘त्याला दिलं’?”

“वानिकि.” कात्री थांबली नाही. “दोन येगळं की गं. तुमच्या मराठीत समदं ला-लाच.”

ओट्यावरच वही उघडली. त्याला विचारलं? वान्नि. फ्रागेन, ईन. जमलं! मदत केली? वानिकि. हेल्फेन, ईम. उत्तर दिलं, थँक्यू म्हटलं? वानिकि, वानिकि. आंटवोर्टेन, डांकेन, दोन्ही डाटिव. सोलापूरच्या पूर्व भागात जन्म गेला, ही भाषा रोज भिंतीपलीकडून कानावर पडते, आणि मी व्याकरण शोधत होते यूट्यूबवर.

मग घास अडकला. त्याला फोन केला? “वानिकि.” पण आनरूफेन तर अक्कुसाटिव मागतं: इश रूफे ईन आन. अपवादांचं वेगळं पान करायला घेतलं होतं, तेवढ्यात सुचलं की रूफेन म्हणजे मुळात हाक मारणं. “अक्का, ‘त्याला हाक मारली’?” “वान्नि.” पान फाडून टाकलं. तेव्हा क्रियापदाचा रोजचा अर्थ विचारायचा नाही, आतला विचारायचा. फोल्गेनला (मागोमाग जाणं) मात्र हा उपाय चालत नाही, ते डाटिव म्हणून पाठच करणार.

एका बाबतीत आपली मराठीच पुढे आहे. ‘दी टाशे गेफेल्ट मिर’, पिशवी मला आवडते. ‘मिर इस्ट काल्ट’, मला थंडी वाजते. इथे इंग्रजीवाले डोकं खाजवतात, आपण सरळ बोलून मोकळे. आणि उन्स नि ऑइश दोन्ही विभक्तींत तेच राहतात, म्हणजे ‘आम्हाला’ आणि ‘तुम्हाला’ फुकटात!

विशेषणांच्या शेपट्या पुढच्या महिन्यावर. आधी ३० क्रियापदं अक्कांकडून तपासून घेते, ईन निळ्याने, ईम हिरव्याने. लिहिता लिहिता वाटतंय, विजापूर रोडची कानडी बोलणारी मैत्रीणही याला जुंपावी, म्हणजे दोन साक्षीदार होतील.

काल सात झाली, आठव्यावर, ग्लाउबेनवर, गाडी अडली. त्याच्यावर विश्वास ठेवला, याला अक्का ‘वान्नि’ म्हणतात आणि जर्मन म्हणतं ईम. मी त्यांना तसं सांगितलं. पान उलटंपालटं करून बघत म्हणाल्या, “मग जर्मनचंच चुकलं असंल.”