उभा की आडवा

शनिवार, रात्री उशिरा

कुडाळ एमआयडीसीतल्या काजू कारखान्यात आज ड्रायरचा नवा थायरिस्टर कंट्रोलर, म्हणजे हीटरची वीज आवाज न करता चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बसवला. खोका उचलतानाच आत काहीतरी खुळखुळलं. कव्हर काढलं तर टर्मिनलचा एक स्क्रू तळाशी पडलेला. बरं झालं कान शाबूत होते. नेमप्लेट पाहिली: ४१५ व्होल्ट, ४० अँपिअर. हीटर १८ किलोवॉटचे, म्हणजे फेजला २५. भरपूर झालं.

हीटरच्या वायरी आधी सोडवल्या, मग मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला. त्याचे ५०० व्होल्ट थायरिस्टरला दाखवायचे नसतात. एक हीटर अर्ध्या मेगओहमवर, म्हणजे फारच कमी. आपल्याकडची हवा! हीटरच्या नळीतली पांढरी इन्सुलेशनची पूड बरणीतल्या मिठासारखी ओल धरते.

खरा घोळ जागेचा. जुना कॉन्टॅक्टर म्हणजे टकटक करत चालू-बंद होणारा चुंबकी स्विच; त्याच्या शेजारच्या फटीत नवा कंट्रोलर आडवाच मावत होता. कारखान्यातले काका म्हणाले, "आडवो बसता मां? मगे बसव!" मी हिशेब मांडला. थायरिस्टरवर एक-सव्वा व्होल्ट पडतो, तीन फेज मिळून १०० वॉटच्या आसपास उष्णता. म्हणजे बंद कपाटात १०० चा बल्ब सतत पेटलेला, तोही एप्रिलात. हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्या उभ्या असल्या तरच गरम हवा वर सरकते. काकांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. शेवटी विचारलं, "काका, चुलीचं धुराडं आडवं घालाल?" मग गप्प बसले.

वायरिंगची पोकळ पट्टी दोन इंच सरकवण्यात दीड तास गेला. तिच्यात पालीचा सांगाडा मिळाला, अगदी अखंड.

जुना कॉन्टॅक्टर भंगारात द्यायचा त्यांचा बेत होता. मी तो वेगळ्या थर्मोस्टॅटवर, कंट्रोलरच्या आधी ठेवला, म्हणजे ताप फार वाढला की तो वीज तोडेल. थायरिस्टर मरतो तो बहुतेकदा शॉर्ट होऊन. मग हीटर पूर्ण पेटलेलेच राहतात आणि काजूगर ७० अंशांऐवजी कितीवर भाजतील देव जाणे.

ओल सुकावी म्हणून हीटर दोन तास अगदी मंद आचेवर चालवून, वायरी सोडवून पुन्हा मेगर घेतला. तो हीटर चार मेगओहमवर आला होता. मग ड्रायर पुरता चालू केला. दहा मिनिटांनी काका धावत आले.

"बंद पडलो काय रे? टकटक ऐकाक येणा नाय!"

वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर त्यांच्या हातात दिला. २४.६ अँपिअर होतं. त्यांच्याकडे चष्मा नव्हता, त्यामुळे मलाच वाचून दाखवावं लागलं.