चपलांजवळ कोण थांबलंय?

"मामा, मग चपलांजवळ कोण थांबलंय?"

काल रात्री भाचीला चंद्रावरचं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत होतो, १९६९ चं अपोलो ११, आर्मस्ट्राँग, आल्ड्रिन, झेंडा, बुटांचे ठसे, सगळं झकास रंगवलेलं, आणि हिचा प्रश्न हा. आमच्यात अंबाबाईला गेलं की आप्पा कायम बाहेर चपला आणि पिशव्या सांभाळत बसतात, "तुम्ही या जाऊन, मी हितंच हाय" म्हणत. त्यामुळं तिच्या हिशोबानं कुणीतरी मागं थांबणारच.

होता की! मायकेल कॉलिन्स. पुस्तक मागं पुढं चाळलं, तर सुरवातीला तिघं मिळून हात हलवतायत आणि नंतर हा गडी गायबच. खाली दोघं २१ तासांवर होते, तेवढा वेळ हा एकटा कोलंबिया यानातून चंद्राभोवती फिरत होता, प्रत्येक फेरीत चंद्रामागं गेला की पाऊण तासाच्या वर पृथ्वीशी रेडिओसुद्धा बंद. बोलायला कोण नाही. आणि तो नसता तर ते दोघं घरी कशातनं येणार होते?

भाचीनं पांढरा खडू घेऊन काळ्या आभाळात एक वाकडा गोल काढला, आत एक डोकं. त्याला मिशी. (आप्पांना आहे तशी.)

आज सकाळी आप्पांना विचारलं, आत जाऊन दर्शन शेवटचं कधी घेतलंय तुम्ही?

जरा वेळ आठवत बसले. "ध्यानात न्हाई बघ. पण आपली चप्पल एकदाबी चोरीला गेली न्हाई."