तुम्ही विचारलंत म्हणून: चेअरमनला कॉम्प्युटर यायलाच पाहिजे काय?

लग्नात भेटू दे, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत बाजाराला भेटू दे नाहीतर एखाद्या पतसंस्थेच्या ट्रेनिंगला, मला हा प्रश्न ठरलेला. "मॅडम, आता एआय-बीआय आलंय, मग आमच्या बँकेच्या चेअरमनला कॉम्प्युटर यायलाच पाहिजे काय ओ?" मी अर्बन बँकेत आयटी सांभाळून रिटायर झाले, त्यामुळं लोकांना वाटतं मी हो म्हणणार. मी नाही म्हणते. एक्सेल आलं नाही तरी काही अडत नाही. पण सिस्टीम बंद करायचा अधिकार कुणाला आहे आणि ती आपोआप बंद पडली तर शाखेत काय करायचं, हे ज्याला सांगता येत नाही त्यानं त्या खुर्चीत बसू नये, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

2018 साली पुण्याच्या कॉसमॉस बँकेत झालं ते आठवा. सगळे मिळून जवळजवळ 94 कोटी गेले. आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की मेसेज आधी स्विचला, म्हणजे मधल्या कॉम्प्युटरला जातो, स्विच कोअर बँकिंगला, म्हणजे सगळ्या खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या मुख्य सिस्टीमला विचारतो बाबा या खात्यात पैसे आहेत का, तिकडून हो आलं की नोटा बाहेर. चोरांनी मधे स्वतःचाच खोटा स्विच घुसवला, तो कोअर बँकिंगला काही विचारायचाच नाही, येईल त्याला हो म्हणायचा. क्लोन केलेल्या, म्हणजे नकली कॉपी काढलेल्या कार्डांवर 28 देशांतून पैसे निघाले, भारतातल्याही काही शहरांतून निघाले आणि त्यात आपलं कोल्हापूर पण होतं. दिवस कुठला निवडला बघा, 11 ऑगस्ट, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. मग सोमवारी स्विफ्टवरून, म्हणजे परदेशी बँकांना पैसे पाठवायच्या यंत्रणेतून, त्यातलेच जवळपास 14 कोटी हाँगकाँगला.

हे सांगून झालं की मी समोरच्या चेअरमनना विचारते, तुमच्या बँकेत दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता आयटीतल्या पोराला काहीतरी विचित्र दिसलं तर तो एटीएम बंद करू शकतो का? बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, तो सीईओ साहेबांना विचारेल. आणि साहेब असतात जोतिबाला, फोन लागत नाही. पोरगं असतं कॉन्ट्रॅक्टवरचं, पंचवीस-सव्वीस वर्षांचं, त्याला माहीत असतं की उगाच बंद केलं आणि काही निघालं नाही तर सोमवारी सगळ्यांसमोर झापणार, म्हणून तो वाट बघत बसतो. आता यावर कुठलं सॉफ्टवेअर आणणार सांगा? तू बंद कर, तुला कुणी बोलणार नाही, हे बोर्डानं लेखी द्यायचं असतं आणि नंतर खोटा अलार्म निघाला तरी ते पाळायचं असतं. पाळणं जास्त अवघड जातं.

बरं, सगळं आपल्या हातात असतं असंही नाही. 31 जुलै 2024 ला छोट्या बँकांची सिस्टीम चालवणाऱ्या सी-एज नावाच्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा हल्ला झाला, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला नेटवर्कमधून बाजूला काढलं आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे 300 छोट्या बँकांचं यूपीआय वगैरे ठप्प. बहुतेक सहकारी आणि ग्रामीण बँका. दुसऱ्या दिवशी सुरू झालं, पण दुकानात पेमेंट अडकलेल्या माणसाला सी-एज कुठं माहीत असणार, तो आपल्याच बँकेला शिव्या घालणार की! आणि आपल्याकडं व्हेंडर कसा ठरतो, तर तीन कोटेशन मागवायची, सगळ्यात स्वस्त ते घ्यायचं. बॅकअप कुठं ठेवता, पडलं तर किती तासात उभं कराल, हे विचारणारा संचालक मी फार कमी वेळा बघितला.

2019 च्या महापुरात तर हल्ला-बिल्ला काही नव्हता, नुसतं पाणी. शाहूपुरीत पाणी, शिरोलीजवळ हायवे बंद, लाइट नाही, रेंज नाही. तेव्हा लोकांना नोटा पाहिजे होत्या, बाकी काही नको.

आता एआय. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हब या संस्थेनं म्यूलहंटर नावाचं एआय मॉडेल केलंय, चोरीचा पैसा फिरवायला वापरली जाणारी खाती हुडकायला. कॉलेजचं पोरगं चार-पाच हजारांसाठी पासबुक, एटीएम, सिमकार्ड दुसऱ्याला देऊन मोकळं होतं, खात्यात लाखो येतात आणि काही मिनिटांत जातात. असं काम मशीन माणसापेक्षा लवकर करतं, त्यात वाद नाही. पण एखाद्या गुळाच्या व्यापाऱ्याचं खातं कित्येक महिने शांत असतं आणि सीझन लागला की धडाधड पैसे फिरायला लागतात, मशीन त्यालाही लाल झेंडा दाखवू शकतं. कुठलं खातं थांबवायचं, कुणाला आधी फोन करायचा, हे मार्केट यार्डात ऊठबस असलेला मॅनेजर ठरवणार. रिझर्व्ह बँकेच्या समितीचा एआयवरचा रिपोर्ट 2025 च्या ऑगस्टमध्ये आला, पुष्पक भट्टाचार्य अध्यक्ष होते, त्यातही हेच आहे की एआय जी संस्था वापरते जबाबदारी तिचीच.

आणि खरी गंमत पुढं आहे. झेंडा लागलेलं खातं निघतं कुणाचं, तर एखाद्या संचालकाच्या पाव्हण्याचं. लगेच वरनं फोन, "आपलाच पोरगा हाय, सोडा की." मशीननं त्याचं काम केलेलं असतं. चेअरमन तेव्हा काय म्हणतात, मी बँक तिथं जोखते. मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेत कोअर बँकिंग नव्हतं काय? होतंच की. तरी तपासात 21,049 खोटी खाती निघाली, एका बिल्डर ग्रुपची कर्जं झाकायला केलेली. कारण वरच्यांनाच ते झाकायचं होतं.

तेव्हा अण्णा, आबा, जे कुणी वाचत असाल, एमएससीआयटी लावू नका या वयात. पुढच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी स्वतः आयटीच्या माणसाला फोन करा, एटीएम बंद करायची वेळ आलीय समजा, आता काय काय करतोस सांग म्हणावं. फोन उचलला नाही किंवा "विचारून सांगतो" म्हणाला, तर एआयचं कोटेशन सध्या टेबलावरच राहू दे.