शोषखड्ड्यातले काळे गोळे

माहेरी, कुडाळजवळ, नव्या संडासाचा शोषखड्डा मे महिन्यात व्हायचा होता. तो रेंगाळत जूनच्या शेवटावर गेला आणि पहिल्या दोन पावसांनंतर गडी कुदळ घेऊन उभा राहिला. मी बँकेतून चार दिवसांची रजा काढून आले होते. चार फुटांवर कुदळ एकदम भसकन आत गेली. खाली नारळाएवढी पोकळी होती. तिच्यात करडा, भुसभुशीत, स्पंजासारखा चुरा होता आणि चुऱ्यात रुतलेले काळे गोळे. आवळ्याएवढे, दोन-तीन लिंबाएवढे. काहींना खाली दोऱ्यासारखी शेपटी. कुदळीचं पातं लागून एक फुटला होता, तो आतून ओल्या खोबऱ्यासारखा पांढराशुभ्र.

चुरा गड्याने पाटीत भरून गडग्यापलीकडे फेकला. मी बघत होते आणि काही बोलले नाही. पुढे हे मला फार महागात पडलं.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, मोबाईलवर फोटो टाकून मोकळा झाला होता. मोबाईलने सांगितलं, ब्लॅक ट्रफल, म्हणजे युरोपात जमिनीखाली वाढणारी, खायची महागडी बुरशी. मग किलोचा भाव निघाला, अकरा गोळ्यांचं वजन वाण्याच्या काट्यावर झालं, आणि संध्याकाळपर्यंत एक खरेदीदारही भेटला. त्याला माल बघायचा नव्हता, त्याला आधी 'तपासणी फी'चे पाच हजार हवे होते. दादाने अंगठा पुढे नेलाच होता. मी फोन काढून घेतला. काकी ओटीवरून म्हणाली, "मेल्या, रोयणीतला काय ता उचलून हाडलंस? सातेरीचा ता." वारुळाला आमच्याकडे सातेरी देवीचं रूप मानतात. तेव्हा वाटलं, काकी देवाधर्माचं बोलतेय. खरं तर गोळे वारुळातून निघालेत हे त्या घरात पहिल्यांदा तीच बोलली.

बीएस्सीला माझा विषय वनस्पतीशास्त्र. त्याला आता बावीस वर्षं झाली, पण एवढं आठवत होतं की जमिनीतला कुठलाही बुरशीचा गोळा मिळाला की पहिलं काम, तो वरून खाली उभा चिरायचा. विषारी अमानिटा अळंबीची कोवळी कळी बाहेरून गोळाच दिसते, चिरल्यावर मात्र आत छत्रीची आकृती, देठ आणि पापुद्र्यांची रेघ स्पष्ट दिसते. दुर्गंधी छत्रीच्या अंड्यात आत चिकट थर सापडतो. आमच्या गोळ्यात यातलं काहीच नव्हतं. कडेला काळं पातळ साल, आत सलग पांढरं, ना शिरा ना कप्पे. पिकलेलं ट्रफल आतून संगमरवरासारखं शिराशिरांचं असतं. दादा लगेच म्हणाला, "कच्चं असेल." आणि इथे मी अडकले, कारण कच्चं ट्रफलही आतून पांढरंच असतं. वासाने निकाल लागेल म्हणावं तर वास नुसता ओल्या मातीचा, आणि कच्च्या ट्रफलालाही वास नसतो.

म्हणून गोळा बाजूला ठेवला आणि झाडं मोजायला बाहेर पडले.

ट्रफल एकटं वाढत नाही. युरोपात ते ओक आणि हेझलच्या मुळांना धरून असतं. बुरशीचे धागे मुळाच्या टोकांवर मोज्यासारखं आवरण चढवतात, झाडाला पाणी आणि क्षार देतात, बदल्यात साखर घेतात. अशी मोजेवाली मुळं सगळ्या झाडांना नसतात. बस्तरात पावसाच्या तोंडावर सालाच्या झाडाखाली बोडा निघतो, झारखंडात त्यालाच रुगडा म्हणतात. लोक तो आत पांढरा असेपर्यंत हौसेने खातात आणि बाजारात त्याला मटणासारखा भाव मिळतो. तो ट्रफल नव्हे, ॲस्ट्रियस नावाची दुसरी बुरशी, पण त्यालाही सालासारख्या मोजेवाल्या झाडाची मुळं लागतात. आमच्या खड्ड्याभोवती काय होतं? तीन काजू, एक रायवळ आंबा, एक जांभूळ. यांच्या मुळांतली बुरशी वेगळ्या जातीची, पेशींच्या आत राहणारी. ती असले गोळे धरत नाही. सागाचंही तसंच, त्यामुळे सागाच्या रानात ट्रफल शोधत फिरणाऱ्यांचे पाय तेवढे दुखतात.

हे मी दादाला समजावलं. तो ऐकून गेला आणि अर्ध्या तासाने रस्त्याकडेच्या ऑस्ट्रेलियन बाभळीखालून अर्धा जमिनीत, अर्धा वर असलेला एक पिवळट-तपकिरी गोळा घेऊन आला. "आता सांग. हे झाड चालतं ना?"

चालतं. वनीकरणवाल्यांनी लावलेल्या त्या बाभळीला मोजेवाली बुरशी धरते, निलगिरीलाही धरते. पण गोळा चिरला तर जाड, चिवट साल आणि आत जांभळट काळा गर, कडेला पांढरी पट्टी. वास जळक्या रबरासारखा. हा स्क्लेरोडर्मा. ट्रफल समजून लोक खातात तो बहुतेक वेळा हाच, आणि मग काही तासांत उलट्या सुरू होतात. दादाने तो कांद्यावर परतायचं ठरवून ठेवलं होतं. सुरी मी तिथेच घासून घेतली. नीट घासली असती तर पुढची फजिती टळली असती.

काळ्या गोळ्यांचा निकाल अजून लागलाच नव्हता. झाडं नाही म्हणत होती, पण नकार म्हणजे नाव नव्हे. तिसऱ्या दिवशी दोन्ही प्रकारचे गोळे वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून माझ्या जुन्या कॉलेजात गेले. तिथे आता माझ्याच वर्गातली मैत्रीण शिकवते. तिने सूक्ष्मदर्शक, लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू हा बुरशी रंगवायचा निळा द्राव आणि एक रिकामं बाक दिलं, आणि वर सांगितलं की साडेचारला शिपाई कुलूप लावतो.

पद्धत सोपी आहे. ब्लेडने जेवढा पातळ निघेल तेवढा काप घ्यायचा, थेंबभर निळ्या द्रावात ठेवायचा, वर काच, आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकं दाबायचं. ट्रफल असेल तर गोलसर पिशव्या दिसतात, एकेका पिशवीत थोडेसेच मोठे बीजाणू, त्यांच्यावर जाळी किंवा काटे. मी काळ्या गोळ्याचा काप चढवला आणि चाळिसाच्या भिंगाखाली बीजाणू दिसले! गोल, तपकिरी, काटेरी. अंगावर काटा आला. पुन्हा भिंग बदललं, तेल टाकलं, मोजले, साधारण दहा मायक्रोमीटर. दादाला फोन करायला नंबरही काढला.

मैत्रीण मागून आली, बघून म्हणाली, "पिशव्या कुठायत गं?"

नव्हत्या. शोधशोध शोधल्या, एकही नाही. नुसते सुटे बीजाणू, तेही कापाच्या एका कडेलाच. मग तिने दुसऱ्या कागदातल्या स्क्लेरोडर्माचा काप चढवला. हुबेहूब तेच काटेरी चेंडू, हजारोंनी. मी दोन्हींना एकच ब्लेड वापरलं होतं, आणि घरी तर सुरीही एकच. काळ्या गोळ्यावर मीच पाहुणे आणून बसवले होते. नवीन ब्लेड काढलं, कापलेली बाजू टाकून न कापलेला गोळा घेतला, तीन काप केले. तिन्हींत फक्त धागे. दाटीवाटीने विणलेले धागे, सालीजवळ गडद आणि आखूड पेशींचे, आत बिनरंगी. पिशवी नाही, बीजाणू नाही, काही नाही.

मला वाटलं हात रिकामेच राहिले. मैत्रीण मात्र खूश. म्हणाली, फळ असतं तर बीजाणू कच्चे का होईना, कुठेतरी सुरुवात दिसली असती. हा फळच नाहीये. बुरशीने वाईट दिवसांसाठी बांधून ठेवलेली शिदोरी आहे, स्क्लेरोशियम. बटाटा चिरून त्यात बी शोधण्यासारखं चाललंय तुझं. "कशात होता?" तिने विचारलं. मी त्या करड्या चुऱ्याचं सांगितलं. "तो कुठाय?"

तो गडग्यापलीकडे, पावसात.

दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री काखेत मारून मी तो चुरा उकरत होते. शेजारणीने दोनदा विचारलं काय हरवलं. मूठभर बरा मिळाला. नीट बघितल्यावर कळलं, मेंदूसारख्या वळ्या होत्या त्यात. ही वाळवीची बाग. आपल्याकडची बरीच वाळवी जमिनीखाली चावलेल्या पालापाचोळ्याचे असे ढीग रचून त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी पोसते. आपण पावसाळ्यात वारुळावरची अळंबी खातो ती तिचीच फळं. वाळवी घरात असेपर्यंत बाकी बुरशींना डोकं वर काढता येत नाही. ती बाग सोडून गेली की तिथे दबून राहिलेली दुसरी एक बुरशी सगळं ताब्यात घेते, झायलेरिया. थॉमस पेच या इंग्रज शास्त्रज्ञाने श्रीलंकेत पेरादेनियाला या वारुळातल्या बुरशींचा अभ्यास करून १९०६ मध्ये छापला.

सूक्ष्मदर्शक नाव सांगेना, म्हणून उगवून बघायचं ठरलं. आइस्क्रीमचे दोन डबे, तळाला ओली वाळू, झाकण अर्धवट. एकात नुसते चार गोळे, दुसऱ्यात तीन गोळे आणि तो चुरा. डबे घेऊन मी परत कामाच्या गावी आले. पहिल्या डब्यात आठवड्यात हिरवा बुरा आला, तो फेकला. दुसऱ्यात सतराव्या दिवशी चुऱ्यातून एक काळी काडी वर आली, टोक पांढरं, विझलेल्या अगरबत्तीसारखी. तीन दिवसांनी एका गोळ्यातूनही तशीच. काडी मुळाशी काळी कुळकुळीत आणि चिवट, वर पावडर लावल्यासारखी. मैत्रिणीला फोटो पाठवला. तिचं उत्तर एका शब्दाचं आलं: झायलेरिया.

जात बहुधा निग्रिपीस. 'बहुधा' अशासाठी की वारुळातल्या झायलेरियांच्या जाती एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की डीएनए तपासल्याशिवाय ठामपणे बोलू नये, आणि मी तो तपासलेला नाही. केरळ-तमिळनाडूत या गोळ्यांना निलमांगा म्हणतात, म्हणजे जमिनीतला आंबा, आणि औषधात वापरतात. चीनमध्येही वापर आहे, तिथे नाव वू लिंग शेन. हे दादाला कळताच त्याने पुन्हा भाव शोधायला घेतला. मी सांगितलं, उरलेल्या चार गोळ्यांना किती मिळतील ते तूच बघ, खाणार मात्र कुणी नाही. आईने त्यांची पुडी फ्रिजच्या दारात ठेवून वर पेनाने 'खायचे नाही' लिहिलंय.

शोषखड्डा काकीच्या हट्टापायी सहा फूट सरकला. गवंडी म्हणाला, घराला लागून वारूळ निघालंय, तर औषध मारायला लागेल. मी नव्या ज्ञानाच्या भरात त्याला फोनवर समजावलं, की ही बुरशी वाळवी निघून गेल्यावरच डोकं काढते, तेव्हा ती पोकळी रिकामी आहे, उगाच विष कशाला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताय, ती त्या खोलीतून गेली. पण बाजूच्या खोलीत नाय कशावरून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चोवीस लिटर औषध गेलं.