घडी घातलेले पंख

गोव्याला गेलो की आमच्या घरात एकच वाद होतो. हिला समुद्र हवा असतो, मुलीला समुद्र आणि तळलेली सुरमई, आणि मला दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय. तोडगाही आता ठरून गेलाय. त्या दोघी मला फाटकाशी उतरवतात, "दोन तास हं!" असं बजावतात आणि किनाऱ्याकडे निघून जातात. दोन तासांत माझी जेमतेम तीन विमानं बघून होतात.

एवढं काय बघतोस, असं लोक विचारतात. विमान म्हटलं की पक्षी, आकाश, स्वातंत्र्य असलं काही मला सुचत नाही. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलो. वडिलांचं टर्निंगचं छोटं वर्कशॉप होतं. शाळा सुटली की मी लेथपाशी उभा. बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, काळी भुकटी नाकात आणि कुलंटचा वास अंगाला, असा घरी गेलो की आई दारातच हातपाय धुवायला लावायची. वडील एखादा जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, हातात द्यायचे आणि विचारायचे, "हा इथं असा वाकडा का केलाय, सांग." मी काहीतरी ठोकून द्यायचो. मग ते सांगायचे, "आत बोल्ट आहे. पाना फिरायला जागा नको?" तेव्हापासून सरळ वस्तू दिसली की मी पुढं जातो आणि वाकडी दिसली की थांबतो. विमानांत वाकडं फार असतं.

संग्रहालयातलं सी हॉक घ्या. जुन्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरचं पहिलं जेट. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मागे जाऊन शेपटाखाली वाकलो आणि चक्रावलो, कारण तिथं भोकच नव्हतं. जेट आहे म्हणतात, मग धूर जातो कुठून? दोन फेऱ्या मारल्यावर सापडलं. आत रोल्स रॉइसचं एकच नीन इंजिन, पण त्याचा धूर दोन वाटांनी फुटतो आणि दोन्ही पंखांच्या बुडाशी मागच्या बाजूनं बाहेर पडतो. का? तर लांबलचक नळी शेपटापर्यंत नेली की तिच्यात रेटा वाया जातो, आणि शेपटाची जागाही अडते. ही वाट काढल्यावर मागे इंधनाची टाकी बसली. ज्या कुणी हे आखलं, त्याला ते सुचल्या दिवशी रात्री झोप लागली नसणार.

पण माझी मुख्य अडकायची जागा म्हणजे पंखांचा सांधा. जहाजावर जागा कमी, आणि विमान खाली कोठारात न्यायचं तर लिफ्टमध्ये मावायला हवं. म्हणून पंख मधोमध मोडून वर उचलायचे. हे ऐकायला सोपं आहे. आता असं बघा: उडताना सगळं विमान पंखांवर तोललेलं असतं, आणि आपण त्याच पंखाला बिजागरी लावायची! घडी घातलेला पंख म्हणजे मधोमध चिरलेला फणस. एरवी पत्र्याखाली झाकलेलं सगळं तिथं उघडं पडतं: जाड कानांचे लोखंडी ठोकळे, त्यांतली, पंख पक्का करणाऱ्या खिळीची भोकं, हायड्रॉलिकच्या नळ्या, वायरींचे जुडगे, आणि ते सगळं वाकूनही तुटू नये म्हणून ठेवलेला ढिलेपणा. त्या वायरीला मुद्दाम दिलेला झोळ बघून मला वडिलांची आठवण आली. "ताणून बांधू नको, मशीन हलणार आहे," असं तेही म्हणायचे.

मी असा मान वर करून उभा असताना मागून आवाज आला, "डोकं सांभाळा." बघतो तर सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ, नातवाचा हात धरून. मालवणकडचे, नौदलातून निवृत्त. तरुणपणी याच जातीच्या विमानांवर मेकॅनिक होते. "पंखाच्या कडेला डोकं आपटून तीन टाके पडलेत मला," म्हणाले आणि पांढऱ्या केसांतली खूण दाखवली. मी विचारलं, "उडताना खीळ नीट बसली नसेल तर?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू लग्नघरात मी तेराव्याचा विषय काढला. "बसलेली असते," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं स्वतःहूनच पुढं बोलले, "एकदा बघायची, मग हात लावून बघायची. मग दुसरा येऊन हात लावणार." नातवाला आइस्क्रीम हवं होतं, त्यामुळे गप्पा तिथंच थांबल्या. माझी फेरी मात्र वसूल झाली होती.

1971 च्या 4 डिसेंबरला ही विमानं विक्रांतवरून कॉक्स बझारवर आणि चितगावावर गेली, हे पुष्कळांना ठाऊक असतं. मला त्यातला बॉयलर आवडतो. विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला होता. जहाज वाऱ्याच्या तोंडावर जितक्या जोरात पळेल, तितकं विमान उचलायला सोपं. आणि हे जहाज पुरा वेग घेऊ शकत नव्हतं. तरी त्याच अवस्थेत ते बंगालच्या उपसागरात नेलं आणि काम करून आणलं. तडा गेलेल्या बॉयलरवर पाळी काढणं म्हणजे काय, हे आमच्या उद्यमनगरातल्या कुणालाही वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

या अंगणातली खरी महाराणी म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. 8 जून 1948 ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, ते याच घराण्यातलं, थोरल्या बहिणीसारखं. हे पुढचं, जास्त लांब. आधी प्रवासी, मग हवाई दलात, शेवटी नौदलात समुद्रावर पाळत ठेवायला. बाईंचा बांधा माशासारखा, कुठंच सरळ नाही. म्हणजे आतली प्रत्येक कडी वेगळ्या मापाची. कारखान्यात हे करताना काय हाल झाले असतील! पुढची विमानं सरळ नळीसारखी झाली ती उगाच नाही. शेपटाला एकाऐवजी तीन उभे पडदे, कारण एकच उंच केला असता तर तेव्हाच्या हँगरच्या दारातून आत गेला नसता. पाय उंच, कारण पंखे मोठे. माणसं खाली उभी राहून "काय देखणं विमान!" म्हणतात, तेव्हा ती हँगरच्या दाराच्या मापाचं कौतुक करत असतात.

आणि इंजिनं! एकेका राइट इंजिनात 18 सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन वर्तुळांत. एका सिलिंडरची क्षमता तीन लिटरची, म्हणजे रस्त्यावरच्या दांडग्या जीपगाडीचं अख्खं इंजिन इथं एका सिलिंडरमध्ये मावलं. बाहेर जाणाऱ्या धुरातून टर्बाइन फिरवून तीही ताकद पुन्हा मुख्य दांड्यावर घ्यायची, असा कंजूषपणाही त्यात होता. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, इंजिनं चार. म्हणजे विमानाला प्लग 144. मी कॉलेजात असताना माझ्या टू-स्ट्रोक गाडीला एक प्लग होता, आणि तो पॉलिश पेपरनं घासण्यात माझी तीन वर्षं गेली. या इंजिनांच्या तब्येतीमुळे वैमानिक लोक कॉन्स्टेलेशनला जगातलं सर्वोत्तम तीन इंजिनांचं विमान म्हणत. चौथं वाटेत बंद पडायचंच.

जागच्या जागी वर उठणाऱ्या सी हॅरियरकडे वळेपर्यंत सहसा फोन येतो. त्यामुळे घाईत: चार तोंडं, पुढच्या दोहोंतून पंख्याची हवा, मागच्या दोहोंतून गरम धूर, आणि चारही एकदम खाली वळतात. आतले दोन दांडे एकमेकांच्या उलट फिरतात, नाहीतर हवेत थांबलेलं विमान भोवऱ्यासारखं हट्टीपणा करेल. इंजिनात फवारायला पाण्याची टाकीही आहे. विमानाला पाणी पाजावं लागतं, हे सांगितलं तेव्हा मुलगी पहिल्यांदाच जरा वळून बघायला लागली.

"मग उडताना बघ की," असं मित्र म्हणतात. बघितलंय. बेंगळुरूजवळ येलहंका तळावर 1996 पासून एअरो इंडिया हे विमानांचं प्रदर्शन भरतं, तिथं एकदा गेलो. ऊन, गर्दी, भोंग्यावरचा अखंड बोलणारा निवेदक आणि दुखरी मान. खरं सांगायचं तर हवेतलं विमान मला फारसं कळत नाही. ते माझ्यापासून लांब आणि घाईत असतं. पण सुखोई आलं तेव्हा मात्र मी वडे खाली ठेवले. आधी विमान गेलं, मग मागून आवाज आला, आणि तो कानांनी ऐकलाच नाही, बरगड्यांनी घेतला. मोठं पॉवर प्रेस पहिला ठोका घालतं तेव्हा जमिनीतून पायांत येतं ना, तसं. ते वर जाऊन जवळजवळ थांबलं आणि शेपटावर उभं राहिल्यासारखं कलंडलं, तेव्हा शेजारचे लोक ओरडत होते आणि मी दुर्बिणीतून त्याची नोझल, म्हणजे धुराची तोंडं, शोधत होतो. ती हलते. उजवी-डावी थोडी बाहेर तिरकी बसवलीय, त्यामुळे वरखाली हलूनही विमानाला बाजूला वळवता येतं. आणि हे विमान आपल्या नाशिकजवळच्या ओझरला जुळलेलं. "आपल्या ओझरचं," मी शेजाऱ्याला सांगितलं. तो कन्नड होता. त्यानं सौजन्यानं मान हलवली.

हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरत पथकाची विमानं धुराच्या रेघा ओढत गेली. गरम धुरात तेल सोडलं की त्याची वाफ होते आणि गार हवेत पांढरं धुकं पडतं. माझी गाडी हे रोज करायची, तेव्हा लोक टाळ्या नाही वाजवायचे.

विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा मी तिची लिफ्ट बघून आलो होतो. घडी घातलेले पंख कशात मावायचे, ते डोळ्यांनी मापलं. 2014 मध्ये ती भंगारात गेली. तिचं थोडं पोलाद घेऊन 2016 साली बजाजनं मोटारसायकल काढली. आमच्या गल्लीतल्या दूधवाल्याकडे तीच आहे. सकाळी सहाला दोन्ही बाजूंना किटल्या लटकवून ती दारात येते. परवा तो माप घालेस्तोवर मी टाकीवर बोटाच्या नखानं टकटक करून आवाज ऐकत होतो.

"काका," तो दुधाचं माप तसंच हातात धरून म्हणाला, "पेट्रोल कालच टाकलंय. परत टाकायचं झालं तर तुमच्याकडून घेतो."